ई-चौदाचा पिवळा जॅक

पैज लागली ती शनिवारी सकाळी, ओनिटाच्या पेट्रोल पंपावर, बिस्किटांचा दुसरा ट्रे ओव्हनमधून निघायच्या आत. पैज लावणारे दोघे शेजारी. एक रॉयस गेंट्री, वय सत्तावन्न, अंगात एकही सरळ हाड नाही. दुसरा हारलन डिलहे, चर्चचा डीकन, त्याची हाडं सगळी सरळ आणि मानसुद्धा. दोघांच्या परसांमध्ये एकच कुंपण. तीस वर्षांत त्या कुंपणावरून जितके टोमॅटो गेले असतील त्याच्या दुप्पट टोमणे गेले होते.

निमित्त झालं मिस कोरिनचं. ही खाण कंपनीने आयडाहोहून आणलेली दगडांची डॉक्टर. तीन महिने झाले होते येऊन, पण केनी ब्लफला ती अजून 'नवी बाई'च. तिनं कॉफी घेतली आणि म्हाताऱ्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"तुमच्या सगळ्यांच्या घरी जॅक असेल ना?"

हा काय विचारायचा प्रश्न झाला? जस्ताच्या दगडाला इथले खाणवाले जॅक म्हणतात. पुस्तकात त्याचं नाव स्फॅलेराईट, पण पुस्तकं काही खाणीत उतरत नाहीत. गावात कुणाच्या दाराला अडसर म्हणून जॅक, कुणाच्या टपालपेटीच्या बुडाशी जॅक. ओनिटाने तर बाथरूमची चावी जॅकच्या ढेकळाला बांधून ठेवलेली, कुणी विसरून खिशात घालून नेऊ नये म्हणून.

"मला ते दगड हवेत," मिस कोरिन म्हणाली. "तपासायला. त्यात जर्मेनियम किती आहे ते बघायचंय."

"आणि जस्त?" रॉयसने विचारलं.

"जस्त आहेच. पण जस्ताच्या पोटात हे दुसरं काहीतरी चिमूटभर असतं. अंधारात बघायच्या दुर्बिणींना लागतं, इंटरनेटच्या तारांना लागतं. सगळ्या जगाला हवंय आणि मिळत कुठेच नाही."

"घ्या," ओनिटा काउंटरमागून म्हणाली. "चाळीस वर्षं आम्ही हॅम विकत बसलो, आणि भाव होता मिठाला."

टेबल हसलं. मिस कोरिनही हसली, पण तिचं काम बाकी होतं. तिला नुसते दगड नको होते, पत्त्यासकट दगड हवे होते. कुठल्या बोगद्याच्या कुठल्या तोंडावरून निघाला, हे माहीत असलेले. आणि ते तिला केनी ब्लफमध्येच मिळण्यासारखे होते, कारण इथली रीतच तशी. शेवटची पाळी संपवून वर येताना प्रत्येकाने आपल्या जागेचा एक दगड काखेत मारून आणायचा, आणि खाणीच्या भिंतीवर खुणा करायच्या त्याच रंगाच्या डब्याने त्यावर बोगद्याचा नंबर आणि तारीख मारायची. कंपनी बघून न बघितल्यासारखं करते.

रॉयसच्या दगडावर होतं डब्ल्यू-सात. पश्चिमेकडचा दगड, काळाकुट्ट, डांबरासारखा चमकणारा. हारलनच्या दगडावर होतं ई-चौदा. पूर्वेचा, फिकट, मधाच्या रंगाचा. पूर्वेला जस्त विरळ लागायला लागलं म्हणून पंधरा वर्षांपूर्वी कंपनीने तिकडचे पाणी उपसायचे पंप बंद केले होते, आणि आता सगळी पूर्व बाजू छतापर्यंत पाण्याखाली होती.

"माझाच न्या," रॉयस म्हणाला. "काळा म्हणजे भरलेला. पिवळ्यात काय असणार? चहा पाणचट झाला की पिवळाच दिसतो."

"ज्यानं जन्मभर लोडरच्या काचेतून दगड बघितला," हारलन शांतपणे म्हणाला, "त्याला जड आणि भरलेलं यातला फरक कळत नाही. मी हाताने ड्रिल मारलंय त्यात."

"म्हणूनच बंद पडली पूर्व. तू भोकं पाडून पाडून तिला चाळणी केलीस."

"पिवळ्यात जास्त निघेल."

"काळ्यात निघेल."

"लाव पैज," ओनिटा म्हणाली. ती अशाच वेळेची वाट बघत असते.

आणि लागली. ज्याच्या दगडात जर्मेनियम कमी, तो हरला. हरणाऱ्याने जुलैच्या झिंक डेला, म्हणजे गावच्या खाणीच्या सणाला, भर मिरवणुकीत जिंकणाऱ्याला ढकलगाडीत बसवून कोर्टाभोवती तीन फेऱ्या मारायच्या. डोक्यावर बायकोची ईस्टरची टोपी. आणि चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यावर थांबून ओरडायचं, "माझ्यापेक्षा याला दगडातलं जास्त कळतं." टोपीची अट हारलनने घातली, तेव्हा रॉयसला जरा आश्चर्यच वाटलं. डीकन असून माणसाच्या मनात काय काय असतं.

"रंगावरून काही कळत नाही बरं का," मिस कोरिन जाता जाता म्हणाली. "काळेपणा बहुतेक लोखंडाचा असतो." आणि हारलनकडे बघून ती किंचित हसली.

ते किंचित हसू रॉयसच्या बुटात खडा जावा तसं गेलं.

आता इथे रॉयसचा स्वभाव सांगायला हवा. तो वाईट नव्हता. पण सरळ जिंकण्यात त्याला कधी चव लागली नाही, मीठ नसलेल्या बीन्ससारखं वाटायचं. मिस कोरिन आली त्याच आठवड्यात त्याने तिच्या रबरी बुटात जिवंत कॅटफिश सोडला होता. मेयरच्या गाडीवर 'विकणे आहे' असं लिहून खाली हारलनचा फोन नंबर टाकला होता. तेव्हा रविवारी सकाळी सगळा गाव चर्चमध्ये असताना रॉयसची कंबर धरली, यात नवल नाही. बायको ट्वायला एकटीच गेली. जाताना म्हणाली, "कंबर धरलीय तर झोप. परसात जाऊ नकोस."

रॉयस परसातूनच गेला. हारलनच्या व्हरांड्यात ई-चौदाचा दगड दाराला टेकून पडला होता. पंधरा वर्षं हारलनने त्यावर बूट घासले होते. रोज जे बघतो ते माणूस कधीच बघत नाही, यावर रॉयसचा ठाम विश्वास. त्याने आपल्या गॅरेजमधून पश्चिमेचाच एक भुरकट, पिवळट, टाकाऊ दगड आणला होता, त्याच मापाचा. त्यावर नारिंगी रंगाने ई-चौदा आणि तीच तारीख, हारलनच्या तिरप्या अक्षरात. रंग नवा दिसू नये म्हणून वरून कालची कॉफी, चुलीची राख आणि थोडं गवत घासलं. काम इतकं बेमालूम झालं की ते कुणाला दाखवता येत नाही याचंच त्याला वाईट वाटलं.

खरा दगड त्याने घरी आणून गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये, हरणाच्या मटणाच्या पाकिटांखाली ढकलून दिला. तिथपर्यंत ट्वायलाचा हात नोव्हेंबरच्या शिकारीशिवाय पोचत नाही. सोमवारी दोघांनी आपापले दगड मिस कोरिनच्या शेडमध्ये नेऊन दिले. हारलनने आपला दगड टेबलावर ठेवताना त्यावर प्रेमाने हात फिरवला. रॉयसला खोकल्याचं सोंग करून बाहेर जावं लागलं.

मंगळवारी संध्याकाळी मुलगी केंड्रा, जावई कोल्बी आणि चार वर्षांची मेझी जेवायला आले. दोन घरं सोडून राहायचे. मेझी तर रोज सकाळी अनवाणीच यायची आणि आजोबांच्या ताटलीतलं अर्धं बेकन खाऊन परत जायची. त्या दिवशी जेवताना केंड्रा गप्प होती. ट्वायलाने केळ्याचं पुडिंग वाढलं तरी गप्प.

"सांग ना," कोल्बी तिला म्हणाला.

"तूच सांग."

कोल्बी पंपवाला. खाणीतलं पाणी उपसायचे मोठे पंप बसवणारा, लावणारा. पश्चिमेला पाणी कमी, त्यामुळे दोन वर्षं त्याला अर्धंच काम होतं.

"नेवाडाहून बोलावणं आलंय," तो म्हणाला. "सोन्याची खाण. पूर्ण वेळ काम, घर देतात. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय, सर."

रॉयसचा चमचा पुडिंगमध्ये उभाच राहिला.

"नेवाडा," ट्वायला हळूच म्हणाली. "तिकडे झाडं तरी आहेत का?"

"जायचं कुणाला आहे, मॉमा?" केंड्रा म्हणाली. "पण इथे कशावर बसायचं? एकच आशा आहे. मिस कोरिन म्हणाली, पूर्वेच्या दगडात जर्मेनियम चांगलं निघालं तर कंपनी पूर्वेचं सगळं पाणी उपसायला काढणार. दोन वर्षांचं पंपांचं काम. कोल्बीला पहिल्या दिवसापासून घेतील."

"मग निघेल की," रॉयस म्हणाला. "घरोघर दगड आहेत."

"पत्ता असलेला पूर्वेचा दगड गावात एकच आहे, डॅडी. हारलनकाकांचा. बाकीच्यांचे रंग उडालेत नाहीतर हरवलेत. पाण्याखाली कुणी जाऊ शकत नाही. वरचे लोक त्या एकाच दगडाचा आकडा बघणार आणि ठरवणार. उद्या दुपारी सगळे दगड लॅबला जाताहेत."

मेझी आजोबांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या न हललेल्या चमच्यातलं पुडिंग खाऊन टाकलं. रॉयसला ते कळलंही नाही. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या पायाखाली केळ्याची सालं टाकली होती. आज पहिल्यांदा घसरला तो स्वतः, आणि पडणार होती त्याची नात.

मंडळी गेल्यावर त्याने ट्वायलाला गॅरेजमध्ये नेलं, फ्रीझर उघडला, मटण बाजूला केलं आणि दाखवलं.

ट्वायलाने दगड बघितला. मग नवऱ्याकडे बघितलं. मग पुन्हा दगड.

"यात जास्त मठ्ठ कोण, ते लॅबला विचारायची गरज नाही," ती म्हणाली आणि घरात गेली.

रॉयसने ठरवलं, सकाळी उठल्या उठल्या दगड नेऊन द्यायचा. पण बर्फाने पांढरा झालेला दगड कसा न्यायचा? नंबरसुद्धा दिसत नव्हता. त्याने स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कढत पाणी सोडलं आणि दगड त्यात ठेवला. घाबरलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा. पस्तीस वर्षं खाणीत काढलेल्या माणसाला, खरं तर केनी ब्लफमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की जॅकला गार-गरम सोसत नाही. थंडीत अंगणात राहिलेला जॅक चुलीजवळ आणला तरी तडकतो.

सिंकमधून आवाज आला. टक्. मग अजून एक टक्. आणि ई-चौदाचा दगड मधोमध दुभंगला, त्याच्या अंगावरून कपच्या सुटल्या, आणि नारिंगी रंगाची ती पंधरा वर्षांची पुसट अक्षरं गाळणीत जाऊन बसली. रॉयसने बोटांनी चाचपून चाचपून कपच्या वेचल्या. एकीवर 'ई'चा पाठकणा, एकीवर एकाचा अर्धा आकडा. चार कुठे गेला तो नळालाच माहीत.

बुधवारी सकाळी आठ वाजता तो दगडाची दोन शकलं आणि एक चहाची बशी घेऊन मिस कोरिनच्या शेडच्या दारात उभा होता. बशीत कपच्या. मिस कोरिन खोक्यांना चिकटपट्टी लावत होती.

"मिस कोरिन, हारलनचा खरा दगड हा आहे. तुमच्याकडे आहे तो मी बनवलेला."

तिनं चिकटपट्टी दातांनी तोडली. "बरं."

"खरंच सांगतोय."

"मिस्टर गेंट्री, माझे बूट अजून माशासारखे वास मारतात."

"तो मासा वेगळा. हा दगड आहे."

"पैज हरायची भीती वाटली ना? म्हणून फुटका, नंबर नसलेला दगड आणून गोंधळ घालायचा. छान आहे. पण खोकी दुपारी जाणार."

रॉयसने हारलनला बोलावून आणायचं ठरवलं. त्याला वाटलं, माणूस आपला दगड तर ओळखेल. हारलन आला, चष्मा लावला, टेबलावरचा बनावट दगड उचलून बघितला, नारिंगी नंबरावरून अंगठा फिरवला.

"हा माझा," तो म्हणाला.

"हारलन, अरे तो मी रंगवलाय. कॉफीने. वास घे."

हारलनने वास घेतला. "माझ्या व्हरांड्याचाच वास आहे."

"गवत तुझ्याच व्हरांड्यासमोरचं घासलं होतं, म्हणून."

"रॉयस, तीस वर्षं तुला ओळखतो. तू हरायला लागलास की तुझी कंबर धरते, नाहीतर तुझी जीभ सुटते."

"अरे गड्या, मला हरायचंय," रॉयस म्हणाला. त्याचा आवाज असा निघाला की मिस कोरिनचा हात चिकटपट्टीवर थांबला. "तुझा दगड जिंकला तर पूर्वेचं पाणी उपसतील. कोल्बीला काम लागेल. नाहीतर पोरगी चालली नेवाडाला, माझी मेझी चालली. टोपी घालतो, तुला ढकलतो, हवं तर चर्चपर्यंत ढकलतो. पण हा दगड लॅबला जाऊ दे."

हारलनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. तीस वर्षांत रॉयसने हरायची परवानगी मागितल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

"हे खरं असेल तर फारच वाईट आहे," तो म्हणाला. "आणि खोटं असेल तर तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं सोंग."

"पण मी नुसत्या शब्दावर कसं पाठवू?" मिस कोरिन म्हणाली. "वरच्यांना पत्ता लागतो. यावर नंबर नाही."

"मी ओळखीन," हारलन म्हणाला. "आण इकडे."

त्याने फुटलेलं एक शकल हातात घेतलं आणि त्याची आतली बाजू दारातल्या उजेडात धरली. बाहेरून मळकट दिसणारा तो दगड आतून ताजा, ओला वाटावा असा चमकत होता. आत पट्टे होते, एकावर एक. मधाचा जाड थर, त्यावर केसाएवढी लाल रेघ, पुन्हा मध, मग तपकिरी दोऱ्यासारखी रेघ, शेवटी जवळजवळ पांढरा. हारलनने लाल रेघेवरून नख फिरवलं.

"चौदाच्या तोंडावर ही लाल रेघ असायची," तो म्हणाला. "ड्रिल तिथवर गेलं की पाणी लालसर यायचं. पण मी म्हणतो म्हणून कोण ऐकणार?"

मिस कोरिन मागच्या खोलीत गेली. आली तेव्हा तिच्या हातात एक जाडजूड, ओल लागून फुगलेली वही होती. पूर्व बाजू बंद व्हायच्या आधी तिथे तपासणीसाठी जमिनीत खोल भोकं पाडून दगडाच्या लांब दांड्या काढल्या होत्या. त्या दांड्या पुढे कंपनीने बॅप्टिस्ट चर्चच्या पार्किंगच्या भरावात घातल्या, तेव्हा त्या तपासायच्या तर आधी चर्चचं पार्किंग उकरायला हवं होतं. पण तेव्हाच्या एका कारकुनाने प्रत्येक दांडीचं चित्र काढून ठेवलं होतं, शाळेच्या रंगीत पेन्सिलींनी.

तिने पानं उलटली. ई-अकरा. ई-बारा. ई-चौदा.

वहीत पिवळी पेन्सिल, त्यावर टोक करून काढलेली लाल रेघ, पुन्हा पिवळी, मग तपकिरी, मग कोरा कागद. तिनं दगडाचं शकल वहीवर ठेवलं आणि पट्टे चित्राला लावून बघितले. मग बनावट दगडाला हातोड्याचा एक टोला दिला. तो फुटला. आत एकच रंग, ओनिटाच्या शिळ्या ग्रेव्हीसारखा.

"हे पट्टे काय असतात ठाऊक आहे?" तिचा आवाज बदलला होता. "चुनखडीच्या भेगांतून कोमट खारं पाणी मुरत राहिलं, लाखो वर्षं. पाणी बदललं की थर बदलला, आणि त्या वेळच्या पाण्यात जे होतं ते त्या थरात अडकलं. ते थर तिथे जसे चढले तसे दुसरीकडे चढत नाहीत."

"बिडाचा तवा कधी न धुता वापरला की चढतात तसे," रॉयस म्हणाला.

"अगदी तसेच. आणि तव्यावरून घर ओळखता येतं."

"ट्वायलाच्या तव्यावरून येतं," हारलन म्हणाला.

"म्हणजे जाणार ना हा?" रॉयसने विचारलं.

"वहीच्या पानासकट जाणार. तुम्ही तो फोडला नसता मिस्टर गेंट्री, तर मी कधी आत बघितलंच नसतं. पण हे मी तुमचं कौतुक म्हणून म्हणत नाहीये."

"मी तसं घेतही नाहीये," रॉयस म्हणाला, पण थोडंसं त्याने घेतलंच.

पुढचे पंधरा दिवस रॉयसने आयुष्यात कधी केला नव्हता तो उद्योग केला. तो शेजाऱ्याचा दगड जिंकावा म्हणून देवाला विनवत होता. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला. हारलनला टोमॅटो दिले, टोमणा न मारता, तर हारलनने त्यात फटाका आहे का ते कापून बघितलं. ओनिटाच्या टेबलावर कुणी म्हणालं, "काळाच जिंकणार रे रॉयस," की तो म्हणे, "तोंड सांभाळून बोल." गावाला वाटलं, याच्या डोक्यावर काहीतरी पडलंय.

केंड्रा आपल्या घरी सामानासाठी हळूहळू खोकी जमवायला लागली होती. रिकामीच होती, पण व्हरांड्यात रचलेली दिसायची. मेझी त्यात बसून खेळायची. रॉयस येता जाता एखादं खोकं उचलायचा आणि हारलनच्या कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन टाकायचा. हारलनने ती खोकी सपाट करून आणखी आत सरकवली.

आकडे आले ते महिना संपायला तीन दिवस असताना, गुरुवारी सकाळी. मिस कोरिन ओनिटाच्या पंपावर आली तेव्हा सगळं टेबल भरलेलं होतं. ट्वायला, कोल्बी आणि केंड्राही उभे होते, मेझी कोल्बीच्या खांद्यावर. ओनिटाने ओव्हन बंद केला, घंटा वाजू नये म्हणून.

"डब्ल्यू-सात," मिस कोरिनने कागद वाचला. "दर दहा लाखात जर्मेनियम नव्वद."

"नव्वद म्हणजे वाईट नाही," टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

"वाईट आहे की नाही?" रॉयसने घाईने विचारलं.

"वाईट आहे. लोखंड भरपूर आहे, हवं तर."

"आणि पूर्व?"

तिनं कागद जरा जास्तच वेळ बघितला. या बाईला तीन महिन्यांत गावाची हवा लागली होती.

"ई-चौदा. सातशे वीस."

रॉयस उठला आणि त्याने हारलनला मिठी मारली. हारलन डिलहेला त्याच्या बायकोनेसुद्धा चारचौघांत मिठी मारली नव्हती. तो हात बाजूला धरून उभा राहिला, हातात अर्धं बिस्किट.

"काल रात्रीच कंपनीला कळवलं, त्यांचा होकारही आला," मिस कोरिन कोल्बीला म्हणाली. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून पंप. तुमचं नाव यादीत वर आहे."

केंड्रा ओनिटाच्या काउंटरला टेकली आणि रडता रडता हसायला लागली. "डॅडी, तुम्ही हरलात."

"हो ना," रॉयस म्हणाला. "सातशे वीस आणि नव्वद. आठ पट हरलोय मी. असं कुणी हरलं असेल का कधी?"

"आधी नेवाडाला 'नाही' म्हणून कळव," ट्वायला कोल्बीला म्हणाली. "मग रडा."

झिंक डेच्या दिवशी ऊन असं होतं की कोर्टाच्या पायऱ्यांवर अंडं तळता आलं असतं. हायस्कूलचा बँड पुढे, त्यामागे जुने ट्रॅक्टर, त्यामागे अग्निशमनची गाडी, आणि तिच्या मागे रॉयस गेंट्री, ढकलगाडी, आणि ढकलगाडीत हारलन डिलहे. हारलनने रविवारचा सूट घातला होता आणि पाठीमागे दोन उशा घेतल्या होत्या. रॉयसच्या डोक्यावर ट्वायलाची ईस्टरची टोपी, जांभळी, जाळीची, बाजूला एवढं मोठं कापडी फूल.

पहिला कोपरा आला. गाडी थांबली.

"माझ्यापेक्षा याला दगडातलं जास्त कळतं," रॉयस ओरडला.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," हारलन म्हणाला.

रॉयस पुन्हा ओरडला. बँकेच्या छतावरची कबुतरं उडाली.

"आणि दगड कुणी बदलला तेही सांग."

"ते पैजेत नव्हतं."

"माझ्या व्हरांड्यासमोरचं गवत उपटणंही नव्हतं."

रॉयसने तेही सांगितलं, फ्रीझर आणि कढत पाण्यासकट. खाणवाल्या माणसाने जॅक कढत पाण्यात घातला हे ऐकल्यावर लोक असे हसले की बँडचा ताल चुकला. दुसऱ्या कोपऱ्यावर तर लोक स्वतःहून ओरडायला लागले, "पाणी किती गरम होतं रे?" तिसऱ्या कोपऱ्यावर ओनिटा सरबताचा ग्लास घेऊन उभी होती, तो तिनं हारलनच्या हातात दिला. रॉयसला मिळाला नाही. हरणाऱ्याला काही द्यायचं नसतं म्हणे.

दुसऱ्या फेरीला हारलनने ढकलगाडीच्या बाजूवर हात टेकवून आजूबाजूला बघत म्हटलं, "जरा हळू. या बाजूने मी गाव कधी बघितलं नव्हतं."

"तुझं वजन किती आहे, हारलन?"

"सातशे वीस."

तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा रॉयसचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि टोपीचं फूल डोळ्यावर आलं होतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर कोल्बी नव्या कामाची पिवळी टोपी घालून बसला होता, केंड्राच्या मांडीवर मेझी. आजोबा दिसल्यावर मेझी पायऱ्या उतरून अनवाणी धावत आली आणि गाडीबरोबर चालायला लागली.

"मला पण बसायचंय."

"विचार जिंकणाऱ्याला," रॉयस म्हणाला.

हारलनने एक उशी बाजूला केली आणि तिला उचलून घेतलं. गाडी जड झाली. चौथा कोपरा आला. रॉयसने गाडी टेकवली, कमरेवर हात ठेवले, फुप्फुसं भरून घेतली आणि कुणी सांगायच्या आतच, कुणी मागितलं नव्हतं इतक्या मोठ्याने, पैज हरल्याचं सगळ्या केनी ब्लफला पुन्हा एकदा सांगितलं.